ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे कूलर होज आणि क्लिपा: जुन्या गाडीच्या गळतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रोडच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एका प्रकारची गाडी वरचेवर येते. दहा-पंधरा वर्षं जुनी, ऑटोमॅटिक, इंजिन ठणठणीत, बॉडी जपलेली, आणि पुढच्या बाजूला खाली लाल तेलाचा डाग. मालकाला कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं, "क्लिप आवळून घ्या, थांबेल." चार-आठ दिवस थांबतंही. मग डाग परत दिसतो आणि तोवर गिअरबॉक्समधलं तेल बरंच खाली गेलेलं असतं. अशा गाड्यांचे मालक जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे.

माझ्या गाडीला हे कूलर होज, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करायला नेणाऱ्या रबरी नळ्या, असतात का?

गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) असेल, तर बहुधा असतात. जुनी सीआर-व्ही, अकॉर्ड, कोरोला, कॅम्री, सोनाटा अशा गाड्यांत गिअरबॉक्समधून दोन नळ्या निघून रेडिएटरकडे जातात. एकीतून गरम तेल जातं, दुसरीतून थंड होऊन परत येतं. मधला भाग स्टीलचा, टोकांना रबरी होजचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला दोन क्लिपा. कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आतच बसवलेला असतो. काही गाड्यांत रेडिएटरच्या पुढे आणखी एक छोटा कूलर असतो.

मॅन्युअल गाडीत हा प्रकार नाही. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे लोकप्रिय झालेल्या एएमटी गाड्यांतही नाही, कारण तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच आणि गिअर तेवढे यंत्र बदलतं. काही गाड्यांत कूलर थेट गिअरबॉक्सवरच बसवलेला असतो. तिथे रबरी होजमधून गिअरबॉक्सचं तेल नव्हे तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) वाहतं. तेव्हा होज मागवण्याआधी गाडीखाली एकदा वाकून बघा.

गिअरबॉक्सला थंड करायची गरजच काय?

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातूनच पुढे जाते आणि गाडी हळू चालत असताना त्यात भरपूर उष्णता तयार होते. घोडबंदर रोडला संध्याकाळी कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत ब्रेक-सोड, ब्रेक-सोड करत जाताना नेमकं हेच चालू असतं. वर समोरून वारा मिळत नाही. सर्वसाधारणपणे हे तेल ८०-९० अंश सेल्सिअसच्या आसपास राहायला हवं. त्याच्या फार वर सतत गेलं तर तेल काळवंडतं, सील कडक होतात आणि आतल्या क्लच प्लेट घसरायला लागतात. कूलरकडे जाणारं तेल वाटेतच गळत असेल, तर तेल कमी आणि तापमान जास्त असा दुहेरी मार बसतो.

डाग लाल आहे, म्हणजे कूलर होजच गेला ना?

लगेच ठरवू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही तेच लाल तेल असतं, आणि त्याचे होजही त्याच बाजूला असतात. आधी दोन्हीची पातळी बघा. जिची कमी, तिची गळती. कूलंट हिरवं, गुलाबी, निळं कुठलंही असू शकतं, पण ते बोटांवर पाण्यासारखं लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. गिअरबॉक्सचं तेल बुळबुळीत लागतं. जुनं झालेलं तपकिरी दिसतं आणि जळका वास येतो. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची काळजी नको.

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग रेडिएटरच्या खाली असेल तर कूलर होज किंवा रेडिएटरचा जोड. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे असेल तर गिअरबॉक्सच्या तेलपंपाचा पुढचा सील असू शकतो, आणि ते काम वेगळं व मोठं आहे. गिअरबॉक्सवर नळी बँजो बोल्टने (ज्याच्या आतून तेल वाहतं अशा पोकळ बोल्टने) बसवलेली असेल तर त्याच्या वॉशरमधूनही तेल पाझरतं. तो वॉशर एकदाच दबतो, म्हणून बोल्ट खोलला की नवाच घालायचा.

चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे खालून पाहिलं की सगळंच ओलं दिसतं आणि कुठून सुरू झालं ते कळत नाही. आम्ही असं करतो: गाडी गार असताना होज, क्लिपा आणि नळ्या ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुऊन कोरड्या करायच्या, वर साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरायची आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचं. पांढऱ्या पावडरीवर एक बारीक लाल रेघ उमटते. ती रेघ वरच्या दिशेने जिथे संपते, तिथे गळती. फिरत्या पट्ट्यांपासून आणि रेडिएटरच्या फॅनपासून हात व कपडे लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा फॅन अचानक सुरू होतो.

क्लिप आवळून भागणार नाही का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून नीट सांगतो.

रबर वर्षानुवर्षं गरम तेलात राहून कडक होतं. क्लिपेच्या खाली ते दबलेलं असतं आणि दबलेल्याच आकारात कायमचं बसतं. जुना होज काढला की क्लिपेच्या जागी खोल खाच दिसते. नखाने दाबून बघा, रबर आत जात नाही. लांबीच्या दिशेने चिरला तर चीर उघडीच राहते. नवा होज चिरला तर चिरेच्या कडा परत एकमेकींना भिडतात. नळीला धरून ठेवण्याचं काम हा लवचिकपणा करतो, क्लिप फक्त मदत करते. लवचिकपणाच गेला असेल तर क्लिप कितीही आवळा, तुम्ही दगड आवळताय.

उलट जास्त आवळल्याने नुकसान होतं. स्क्रूच्या साध्या क्लिपेच्या पट्टीला आरपार खाचा असतात. जोर लावला की रबर त्या खाचांत शिरतं आणि कापलं जातं. गळती थांबल्यासारखी वाटते, कारण रबर तात्पुरतं नव्या जागी दबतं. गाडी तापली-निवली, तापली-निवली की परत तेच. होज वर्षा-दोन वर्षांपूर्वीच बदललेला असेल आणि क्लिप खरंच सैल बसवली असेल, तरच आवळणं हा इलाज. दहा वर्षं जुन्या मूळ होजला बदलण्याशिवाय दुसरा इलाज नाही, आणि एक टोक गळत असेल तर सगळे तुकडे एकदमच बदला. सगळ्यांनी तितकीच वर्षं, तितकीच उष्णता सोसली आहे.

दुकानदार म्हणतो, कुठलाही रबरी होज चालेल. खरं आहे का?

अजिबात नाही. रेडिएटरचा किंवा हीटरचा होज साधारण ईपीडीएम रबराचा असतो. पाणी आणि कूलंट त्याला सोसतं, तेल सोसत नाही. तेलात तो फुगतो, मऊ पडतो आणि एक दिवस नळीवरून निसटतो. तो निसटला की तेल थेंब थेंब नाही, धारेने जातं, आणि मुंब्रा बायपासवर ट्रकच्या रांगेत असताना तुम्हाला ते कळतसुद्धा नाही. साधा पेट्रोलचा होज बाहेरून अगदी तसाच दिसतो, पण सततच्या गरम तेलासाठी तो बनवलेला नसतो.

तुम्हाला हवा तो ट्रान्समिशन ऑइल कूलर होज. होजवर तसं छापलेलं असतं, किंवा एसएई जे१५३२ हा दर्जा लिहिलेला असतो. काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका. आतला व्यास जपानी गाड्यांत बऱ्याचदा ८ मिमी असतो, काहींत साडेनऊ मिमीच्या आसपास. अंदाजाने घेऊ नका, जुना तुकडा सोबत न्या किंवा नळी व्हर्नियरने मोजा. सैल होज क्लिपेने दाबून बसवणं म्हणजे गळतीला आमंत्रण.

कंपनीचा आकार दिलेला, वळणदार होज मिळत असेल तर तोच घ्या. वळणाच्या जागी सरळ होज वाकवला तर तो मधे चेपतो आणि तेलाची वाट अरुंद होते. मिळत नसेल, आणि जुन्या गाड्यांचे भाग मिळत नाहीत ही खरी अडचण आहे, तर वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथे हायड्रॉलिक होजची दुकानं आहेत. तिथे हा होज मीटरवर मिळू शकतो. मूळ होजला दाबून बसवलेली धातूची टोपी असेल, तर तशीच टोपी मशिनवर दाबून देणारेही तिथे भेटतात. तेलाचं नाव आणि ते किती तापतं, हे दोन्ही त्यांना सांगा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना काढलेला होज स्वस्तात मिळेल, पण रबर जुनं घेऊ नका. दरवाजा, लाइट, आरसा जुना घ्या, रबर नको.

क्लिप कुठली घालू?

मूळ स्प्रिंगची क्लिप असेल आणि नवी मिळत असेल तर तीच. रबर तापून फुगतं, निवून आकसतं, त्याबरोबर स्प्रिंग स्वतः जुळवून घेते. जुनी स्प्रिंग परत वापरू नका, तिचा जोर गेलेला असतो. स्प्रिंग मिळाली नाही तर फ्युएल इंजेक्शनसाठीची क्लिप घ्या. तिची पट्टी सलग असते, कडा बाहेर वळवलेल्या असतात, त्यामुळे ती रबर कापत नाही. आरपार खाचांची स्वस्त क्लिप घालायचीच वेळ आली, तर निदान स्टेनलेस घ्या आणि बेताने आवळा. खाडीकाठच्या हवेत साधी क्लिप एका पावसाळ्यात गंजायला लागते.

होज बदलला तरी पाझरतंय. आता काय?

बहुतेक वेळा दोष नळीचा. होजच्या तोंडाखाली ओल साचून राहते आणि स्टीलची नळी बाहेरून कुरतडली जाते. ऐरोली, वाशी, कोपरी अशा खाडीलगतच्या भागांत आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून नेहमी जाणाऱ्या गाड्यांत हे जास्त दिसतं. जुना होज काढल्यावर नळी बारीक पॉलिश पेपरने हळू पुसा आणि त्यावरून नख फिरवा. गंजाचे खड्डे नखाला लागले, तर नवा होजसुद्धा तिथून पाझरणार.

खड्डे फक्त टोकाला असतील तर तेवढा भाग कापून, नवीन टोकाला बारीक उठाव करून घेता येतो. होज घसरू नये म्हणून तो उठाव हवाच, सपाट कापलेल्या टोकावर होज बसवू नका. गंज मधल्या भागात असेल तर अख्खी नळी बदला. तांब्याची नळी घालून देतो म्हणणारे भेटतील. तांबं सततच्या थरथरीने कडक होऊन तडकतं. नळी स्टीलचीच हवी.

घरी करता येईल का?

हाताला सवय असेल, दोन पक्के जॅक स्टँड असतील आणि सोसायटीची हरकत नसेल, तर येईल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जाऊ नये. जमीन सपाट, मागची चाकं अडवलेली, इंजिन पूर्ण गार.

खालचं संरक्षक कव्हर काढा, मोठी परात ठेवा. कुठला होज कुठे जातो याचा फोटो काढा आणि एका होजला चिकटपट्टी लावून ठेवा. क्लिप मागे सरकवा. होज ओढू नका. रेडिएटरच्या टाकीतून निघणारी नळी नाजूक असते, ओढाताणीत ती हलली की रेडिएटरचाच खर्च येतो. आधी होज जागच्या जागी फिरवून मोकळा करा. हलत नसेल तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा, पण पातं खालच्या नळीला लागू देऊ नका. नळीवरचा एक बारीक ओरखडा म्हणजे तेलाला तयार वाट. तिथे आट्यांचा जोड असेल तर दोन पाने (स्पॅनर) लागतात: एकाने रेडिएटरकडचा नट धरून ठेवायचा, दुसऱ्याने नळीचा फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर आतला कूलर पिळतो.

थोडं तेल सांडेल, बऱ्याचदा अर्धा ते एक लिटर. ते खुणा केलेल्या बाटलीत मोजा, पुढे उपयोगी पडतं. उघड्या नळ्यांची तोंडं स्वच्छ टोपीने बंद करा, फडक्याचा बोळा कोंबू नका, धागे आत जातात.

नवा होज धारदार कटरने काटकोनात कापा. करवतीने कापला तर रबराचा भुगा आत राहतो. दोन्ही क्लिपा आधीच होजवर ओवून घ्या. नळीच्या टोकाला तेच गिअरबॉक्सचं तेल बोटाने लावा, ग्रीस किंवा साबण नको. होज उठावाच्या पुढे साधारण २५ मिमी आत जायला हवा. क्लिप उठावाच्या आत बसवा, उठावावर नाही, आणि होजच्या तोंडापासून तीन-चार मिमी सोडून. होज एक्झॉस्ट, पट्टा, फॅन यांच्यापैकी कशालाही टेकता कामा नये. हे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

एम-सील, टेफ्लॉन टेप, गळती थांबवणारं औषध?

तिन्ही नको. औषध सील थोडे फुगवतं, पण चिरलेला होज ते जोडू शकत नाही.

तेल कुठलं, किती आणि पातळी कशी बघायची?

डिपस्टिकवर (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवर) किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. लाल रंग म्हणजे एकच तेल, असं नाही. होंडाने जुन्या झेड-१ ऐवजी डीडब्ल्यू-१ आणलं. टोयोटाचं टी-४ आणि डब्ल्यूएस एकमेकांत मिसळायचं नसतं. जुन्या होंडा सिटी सीव्हीटीचं मल्टिमॅटिक फ्लुइड तर वेगळंच. "सगळ्यांना चालतं" असं लिहिलेला डबा सीव्हीटीत ओतू नका.

आधी बाटलीत मोजलं तेवढं भरा. ब्रेक दाबून ठेवून लिव्हर पी, आर, एन, डी असा सावकाश फिरवा, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबा. मग गाडी चालवून तापवा आणि सपाट जागी पातळी बघा. इथे प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे आणि चूक इथेच होते. टोयोटात इंजिन चालू ठेवून पी मध्ये बघतात. जुन्या होंडात इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत. डिपस्टिकच नसलेल्या गाडीत तेलाचं ठरावीक तापमान राखून खालच्या प्लगमधून पातळी ठरवतात, ते काम लिफ्टवरच करून घ्या. जास्त तेलही वाईट, त्याला फेस येतो.

जुनं तेल काळं असेल तर याच वेळी ते सोडून नवं भरा. फार जुन्या, कधीच तेल न बदललेल्या गाडीत मात्र मशिनने दाब देऊन फ्लश करू नका, असं माझं ठाम मत आहे. सोडा, भरा, काही दिवस चालवा, परत सोडा, परत भरा.

गळती आहे, गाडी चालवत गॅरेजपर्यंत आणू?

पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब असतील आणि पातळी खुणेच्या आत असेल, तर जवळच्या गॅरेजपर्यंत आणा. डी किंवा आर टाकल्यावर गाडी उशिरा पकडते, चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, किंवा खालून कुईं आवाज येतो, यातलं काहीही असेल तर गाडी बंद करा. टो करताना फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच मागवा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, आणि पुढची चाकं रस्त्यावर घासत नेली तर आतले भाग कोरडेच फिरतात. नुसती दोरी लावून ओढायला आलेल्याला नम्रपणे परत पाठवा.

रेडिएटरच्या टाकीत गुलाबी, दुधाळ काहीतरी दिसतंय.

गुलाबी लस्सीसारखं दिसत असेल तर गाडी सुरूच करू नका. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून तेल आणि कूलंट एकत्र झालं आहे. पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं की क्लच प्लेटचं अस्तर सुटायला लागतं. होज बदलून हे सुटणार नाही. रेडिएटर बदलणं, गिअरबॉक्स पूर्ण धुणं आणि लवकर निर्णय घेणं, एवढंच हातात असतं.

खर्च किती येतो?

गाडीनुसार बदलतो, म्हणून आकडा सांगत नाही. पण बिलात होज, क्लिपा, तेल आणि मजुरी वेगळी लिहून मागा. जुने तुकडे परत मागा आणि स्वतः चिरून बघा. यात सगळ्यात महाग भाग बहुधा तेलाचा असतो, रबराचा नाही. तेच होज बदलायचं टाळून गिअरबॉक्स खोलायची वेळ आली, तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यात जातो. चांगल्या, सांभाळलेल्या गाड्या केवळ या कारणाने भंगारात जाताना बघवत नाही.

काढलेलं तेल कुठे टाकू?

गटारात नाही, झाडाच्या मुळाशी नाही. धोकादायक कचऱ्याबद्दलच्या केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. आपली गटारं आणि नाले शेवटी ठाणे खाडीला मिळतात, आणि ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जे गॅरेज आपलं जुनं तेल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला देतं, त्यांच्याकडे नेऊन द्या. पेव्हर ब्लॉकवर सांडलं असेल तर लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या, पाण्याचा पाइप मारू नका.

काम झाल्यावर किती दिवस लक्ष ठेवू?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठा आणि पातळी बघा. स्क्रूची क्लिप असेल तर काही दिवस गाडी तापून-निवून झाल्यावर, गार असताना एकदा हलकी तपासा, कारण नवं रबर थोडं बसतं. मग महिनाभर आठवड्याला एकदा पातळी. पुढे दर सर्व्हिसला, आणि दर पावसाळ्यानंतर नळ्यांच्या टोकांवर गंज आला का ते. होज बदलल्याची तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आत लिहून ठेवा. गाडी पुढे ज्याच्या हातात जाईल त्यालाही ते कळेल.